फुफीचे नाव आणि आमचे तीन रकाने

मृग तोंडावर आला होता. गावात ज्याची-त्याची नजर आभाळाकडे होती आणि आमची दोघांची नेहमीप्रमाणे पडद्याकडे. तेवढ्यात फुफी दारात येऊन उभी राहिली. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. चप्पल बाहेर काढून ती आत आली, खाटेवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुम्ही दोघं कंप्युटरवाले ना? मग सांगा बरं त्याले, का मी मीच आहो म्हून."

आम्ही हसलो. फुफी हसली नाही. तीन महिन्यांपासून तिच्या खात्यात निराधारांचे पैसे आले नव्हते. ज्या खिडकीवर ती दोनदा जाऊन आली होती, तिथे तिला एवढेच सांगण्यात आले होते की, नाव जुळत नाही. कोणाचे नाव कोणाशी, ते तिने विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. मधल्या काळात बीपीच्या गोळ्यांसाठी तिने दारातली शेळी विकली. आम्हाला हे शेजारणीकडून कळले. फुफी आमच्याकडून पैसे घेत नाही. "हक्काचं घेईन, उसनं नाही," हा तिचा जुना हिशेब आहे.

आधी आमच्याविषयी थोडे सांगतो. वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात इंझोरी हे आमचे गाव. आमच्यातला एक वेबसाइटचे कोड लिहितो आणि दुसरी ते तपासते. लग्नानंतर दोघेही पुण्यात नोकरीला होतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये 'पंधरा दिवसांसाठी' म्हणून घरी आलो आणि इथेच राहिलो. माडीवरच्या खोलीत दोन टेबले, एक इन्व्हर्टर आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे इंटरनेट, एक गेले तर दुसरे असावे म्हणून. खाली अम्मीचा स्वयंपाक, अब्बांची बियाण्यांची पोती. अब्बांना आमचे काम अजून नीट पटलेले नाही. दिवसभर खुर्चीवर बसून माणूस थकतो कसा, हा त्यांचा प्रश्न आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर आमच्याकडे नाही.

या कामाबद्दल आमची काही मते आहेत. जेवताना ती आम्ही एकमेकांना ऐकवत असतो. दर दोन वर्षांनी नवे साधन येते आणि जुने टाकाऊ ठरते. शेतकऱ्याने दर दोन वर्षांनी नवा नांगर घ्यावा तसे हे आहे. साधे पान लवकर उघडते, सजवलेले पान गावातल्या नेटवर्कवर गोल फिरत बसते. बैठक असरच्या वेळेला ठेवली तर "पंधरा मिनिटांनी येतो" हे सांगायला लाजू नये. आम्ही सांगायला लागलो तेव्हा कोणी काही म्हटले नाही. कामाचे तास लिहिताना जेवढे केले तेवढेच लिहावे. चूक सापडली तर ती कोणाची हे नंतर पाहावे, आधी दुरुस्त करावी. अशी ही मते. आम्हाला वाटायचे, आपण आपले काम इमानाने करतो. फुफीची पिशवी उघडेपर्यंत तसेच वाटत होते.

पिशवीत चार कागद होते. फुफीचे खरे नाव इथे देत नाही. समजा, ते हलीमाबी आहे आणि फुफाजींचे शेख करीम. रेशनकार्डावर लिहिले होते 'हलिमाबी शे. करीम'. आधारवर 'हलीमा बी शेख करीम'. बँकेच्या पासबुकात 'हलीमाबी करीम शेख'. मतदार ओळखपत्रावर 'शेख हलीमा बी'. चारही फोटोंत बाई एकच. गावात कोणालाही विचारा, तो म्हणेल ही आमची फुफी. पण यंत्राच्या लेखी या चार बाया आहेत.

असे का होते, ते सांगतो. दोन नावे एकच आहेत का, हे पाहताना साधा प्रोग्राम अर्थ पाहत नाही, उच्चारही पाहत नाही. तो अक्षरामागून अक्षर ताडून पाहतो. 'हलीमा' आणि 'हलिमा' यांत वेलांटी बदलली, म्हणजे त्याच्या दृष्टीने शब्द बदलला. 'हलीमाबी' आणि 'हलीमा बी' यांत मधली मोकळी जागासुद्धा एक अक्षर असते. आपल्याला ती रिकामी दिसते, यंत्राला ती भरलेली दिसते. आपल्या गावाचे नावच घ्या. 'इंझोरी' असे अनुस्वार देऊन लिहिले काय आणि 'इन्झोरी' असे अर्धा न घालून लिहिले काय, वाचणारा एकच वाचतो. पण १९९१ पासून जगभरच्या लिपींना अंक देणारी जी युनिकोड नावाची पद्धत आहे, तिच्यात अनुस्वाराचा अंक वेगळा आणि न चा वेगळा. यंत्र अंक पाहते, म्हणून यंत्राला ही दोन गावे. इंग्रजीत तर झ साठी कोणी झेड लिहितो, कोणी जे लिहितो, कोणी जे-एच. आमच्या एकाच घरातल्या कागदांवर गावाची तीन इंग्रजी स्पेलिंगे आहेत.

आता यात आपल्या नावांची रीत मिसळा. मराठी मुलखात नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी तीन पदांची रीत आहे आणि अर्जांचे तीन रकाने त्यावरूनच आले आहेत. आपल्याकडे, विशेषतः वऱ्हाडात, 'शेख रहीम शेख करीम' असे नाव असते. यात शेख दोनदा. पहिले मुलाचे, दुसरे बापाचे. हे तीन रकान्यांत कसे बसवायचे? कोणी पहिल्या रकान्यात 'शेख' टाकतो, मग शाळेत मास्तर मुलाला 'शेख' म्हणून हाक मारतात आणि वर्गातली चार मुले उठतात. कोणी शेख शेवटी नेतो. जुन्या सात-बाऱ्यावर जागा वाचवायला 'शे.' लिहिलेले असते. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सात-बारा घरबसल्या मिळू लागला, ही मोठीच सोय झाली. पण जुन्या वहीतला 'शे.' तसाच पडद्यावर आला.

'अब्दुल रहीम'चे हाल आणखी वेगळे. पहिल्या रकान्यात 'अब्दुल', मधल्या रकान्यात 'रहीम'. 'अब्दुल' म्हणजे नुसते 'चा बंदा'. कोणाचा बंदा, ते पुढच्या शब्दात आहे. नाव मधोमध कापले की अर्थही कापला जातो. मग विमानतळावर, दवाखान्यात, बँकेत 'मिस्टर अब्दुल' अशी हाक ऐकू येते. मोहम्मदचे तर विचारूच नका: मोहम्मद, महंमद, मुहम्मद, मोहंमद, आणि इंग्रजीत आखडून 'मोहड'.

आणि बायकांची गोष्ट याहून अवघड. आमच्यातल्या एकीच्या मार्कशीटवर वडिलांचे नाव आहे, आधारवर नवऱ्याचे. निकाहाने नाव बदलत नाही, अर्जाने बदलले. आमच्या शेजारच्या पाटलांच्या सुनेचीही हीच कथा आहे. तिचे तर पहिले नावही सासरी बदलले. ती आणि फुफी एकाच खिडकीवर, एकाच कारणासाठी, एका मागे एक उभ्या होत्या, हे नंतर कळले. म्हणजे हा प्रश्न एकट्या आपल्या समाजाचा नाही.

देशाचे राष्ट्रपती राहिलेले डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचेच नाव पाहा. अवुल पकीर जैनुलाबदीन अब्दुल कलाम. यात जैनुलाबदीन हे त्यांच्या वडिलांचे नाव आणि 'अब्दुल कलाम' हे त्यांचे स्वतःचे. आडनाव यात कुठेच नाही. तमिळ मुलखात वडीलधाऱ्यांची नावे आधी येतात आणि स्वतःचे शेवटी. पण जगाने शेवटचा शब्द उचलून त्याचे आडनाव केले. इंडोनेशियाचे पहिले दोन राष्ट्राध्यक्ष सुकार्नो आणि सुहार्तो. दोघांचेही नाव एकाच शब्दाचे. त्यांना आमचा अर्ज भरता आला नसता.

रकाने आले कुठून, हेही समजून घ्यायला हवे. १९२८ मध्ये आयबीएम कंपनीने ८० रकान्यांचे छिद्रपत्र आणले. पुठ्ठ्याच्या एका पत्रात माणसाची सगळी माहिती मावायची, तर नावाला मोजून-मापून जागा मिळणार. आजही पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांतल्या पहिल्या ओळीत नावाला ३९ जागा असतात. तेव्हा जागा महाग होती म्हणून नाव कापले, हे समजू शकते. आज एका फोनमध्ये हजारो फोटो मावतात, तरी नाव कापायची सवय गेलेली नाही. आपल्याकडे पॅनच्या अर्जात आडनाव, पहिले नाव, मधले नाव असे तीन रकाने आहेत, तर आधारवर पूर्ण नाव सलग लिहिलेले असते. एक कागद नाव तोडून मागतो, दुसरा जोडून. दोन्ही जुळवायचे म्हटले की गाठ बसलीच.

याचा फटका किती लांब जातो, ते नोव्हेंबर २०२२ मध्ये दिसले. पासपोर्टवर एकच शब्द नाव असलेल्या आणि आडनावाचा रकाना कोरा असलेल्या प्रवाशांना पर्यटन किंवा भेटीच्या व्हिसावर येऊ देणार नाही, असे संयुक्त अरब अमिरातीने सांगितले. पुढे पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे नाव असेल तर चालेल, असा खुलासा झाला. आखातात ज्यांची मुले आहेत त्या घरांना ते दिवस आठवत असतील.

आमच्या धंद्यात ही गोष्ट कोणाला माहीत नाही, असेही नाही. पॅट्रिक मॅकेंझी नावाच्या एका प्रोग्रामरने २०१० मध्येच नावांबद्दल प्रोग्रामर मंडळी कोणकोणत्या चुकीच्या गोष्टी गृहीत धरतात, याची चाळीस कलमांची यादी लिहिली होती. आम्ही ती कॉलेजात वाचली होती आणि तेव्हा खूप हसलो होतो.

त्या रात्री इशा झाल्यावर फुफीची पिशवी टेबलावर ठेवून आम्ही आमचा स्वतःचा एक जुना अर्ज उघडला. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी आम्ही प्रवेशअर्ज बनवला होता. विदर्भातली मुले तो भरतात. एकाने लिहिला होता, दुसरीने तपासून 'ठीक' असा शेरा मारला होता. त्यात नावाचे तीन रकाने होते. आडनाव सक्तीचे. किमान तीन अक्षरे. आणि चुकले तर लाल अक्षरांत सूचना: 'कृपया वैध नाव टाका.'

मग आम्ही भरून आलेली नावे पाहिली. आडनावाच्या रकान्यात पानामागून पान टिंबे होती. तीन अक्षरे हवीत म्हणून तीन टिंबे. कुठे तीन फुल्या. कुठे 'नाही'. कुठे 'शेख शेख'. एका मुलीने आडनावाच्या जागी आपले गाव लिहिले होते. एकाने पहिल्याच नावाची पुन्हा नक्कल केली होती. ही मुले खोटे बोलत नव्हती. आम्ही त्यांना खरे लिहू दिले नव्हते. आपल्या माय-बापाने अजान ऐकवून ठेवलेले, पाळण्यात कान फुंकून ठेवलेले नाव 'अवैध' आहे, असे आम्ही त्यांना लाल अक्षरांत सांगितले होते आणि त्याचा पगार घेतला होता.

त्या रात्री आमचे थोडे वाजलेही. "तू लिहिलेस." "तू पास केलेस." मग दोघेही गप्प झालो. खिडकीवरचा कारकून फुफीला नीट बोलला नाही, म्हणून आम्ही संध्याकाळी त्याच्यावर चिडलो होतो. तो बिचारा फक्त पडद्यावरचे वाचून दाखवत होता. पडद्यावरचे लिहिणारे आमच्यासारखेच कोणीतरी माडीवर बसलेले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या वरिष्ठांना सांगितले. ते माणूस म्हणून चांगले आहेत. म्हणाले, "संस्थेने तक्रार केलेली नाही, आणि यासाठी तास लावता येणार नाहीत." त्यांचेही खरे होते. ज्याला अर्ज भरता येत नाही, तो तक्रार कुठे करणार? तक्रारीच्या अर्जातही तेच तीन रकाने असतात. शेवटी आम्ही परवानगी घेऊन दोन रविवार त्यात घातले. एक गंमतही झाली. हल्ली सांगाल ते कोड यंत्रच लिहून देते, म्हणून आम्ही त्यालाच नावाचा अर्ज मागितला. त्याने क्षणात सुबक अर्ज दिला. रकाने तीन, आडनाव सक्तीचे. ज्या जुन्या कोडवरून ते शिकले, ते आमच्यासारख्यांनीच लिहिलेले होते.

दुरुस्ती काही मोठी नव्हती. तीन रकान्यांऐवजी एकच लांब रकाना केला: 'पूर्ण नाव, जसे तुम्ही लिहिता तसे.' तीन अक्षरांची सक्ती काढली. माणूस कोण, हे ठरवायला नाव न वापरता अर्ज क्रमांक वापरला, कारण क्रमांकाला वेलांटी नसते. दोन कागदांवरची नावे थोडी वेगळी दिसली, तर अर्ज फेटाळायचा नाही, तो एका माणसाच्या नजरेखाली पाठवायचा. आणि ती लाल सूचना पुसून टाकली. संस्थेने नवा अर्ज स्वीकारला. जुन्या यादीतली टिंबे मात्र तशीच आहेत. त्या मुलांच्या प्रमाणपत्रांवर ती छापली गेली असतील का, हा विचार अजून मधूनच येतो.

फुफीचे काम यंत्राने झालेच नाही. अब्बा तिला घेऊन गेले, प्रतिज्ञापत्र केले, चारही कागदांच्या प्रती जोडल्या. या वेळी खिडकीवर एक वयस्क बाई होत्या. त्यांनी चारही फोटो फुफीच्या चेहऱ्याशी ताडून पाहिले आणि आधार, पासबुक दोन्हींवर एकच नाव करून घ्यायला सांगितले. कोणत्या कागदावर आधी जायचे, तेही लिहून दिले. दोन महिन्यांनी थकलेले पैसे जमा झाले. शेळी काही परत आली नाही.

हे वाचणाऱ्या घरांना आमची एक विनंती आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, आधार अशा कामांना जन्मदाखला हाच मूळ पुरावा धरला जातो. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचेही नाव येते: आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. म्हणजे अकिक्याला नाव ठेवले की काम संपत नाही. घरात बसून ते नाव एका कागदावर मराठीत आणि इंग्रजीत लिहा. वेलांटी पहिली की दुसरी, 'बी' जोडून की तोडून, शेख आधी की नंतर, हे ठरवा आणि तोच कागद नोंदणीला घेऊन जा. लिहिणाऱ्याने लिहिलेले तिथेच वाचून पाहा. आणि घरातल्या म्हाताऱ्यांचे कागद एकदा जमिनीवर शेजारी-शेजारी मांडून बघा. पैसे अडण्याआधी बघा.

ज्या घरांतली मुले-मुली आमच्या धंद्यात आहेत, त्यांना एवढेच सांगायचे की, अर्ज लिहून झाला की आधी आपल्या आजीचे नाव त्यात टाकून पाहावे.

आम्हीही ते उशिराच केले. नवा अर्ज तयार झाल्यावर फुफीला माडीवर बोलावले आणि तिच्यासमोर तिचे नाव टाईप केले. अर्जाने ते निमूट घेतले. फुफी चष्मा सावरून पडद्याजवळ गेली. तिला वाचता थोडेच येते, पण आपले नाव ओळखता येते. बराच वेळ पाहून म्हणाली, "बी जोडून लिव्हा. माहे अब्बा जोडूनच लिवत."

इतक्या वर्षांत, इतक्या कागदांवर, तिला हे कोणी विचारलेच नव्हते. आम्हीसुद्धा.